चौदा तारखेचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. एवढे वाचून कोणाचा कंठ दाटून येणार नाही, याची मला कल्पना आहे. जुनी छत्री किंवा जुनी सायकल बोलू लागली तर माणसे लगेच हळवी होतात. त्यांच्यावर निदान गंज तरी दिसतो. माझ्याकडे पाहण्यासारखे काहीच नाही. जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात जिन्याखाली एक पोलादी कपाट आहे, कपाटात एक काळा खोका आहे आणि खोक्यात मी आहे. कपाटाच्या फटीत एक पाल राहते. नोकरीत ती माझ्याहून ज्येष्ठ आहे.

आमचे कार्यालय हाम लुओंग नदीच्या काठी आहे. समुद्र येथून फार लांब नाही, आणि हीच आमची सगळी अडचण आहे. तेतचा सण उरकला, नवे वर्ष लागले, की वरून येणारे पाणी आटते आणि समुद्र नदीत चालत येतो. नदी दिसते मात्र तशीच. तोच रंग, तीच रुंदी, त्याच होड्या. फक्त ती खारी झालेली असते. भात एक वेळ थोडे मीठ सोसेल, दुरियान या काटेरी फळाचे कलम सोसत नाही. म्हणून प्रत्येक कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा आहे, दरवाजाला चाक आहे आणि चाकापाशी एक माणूस आहे. पाणी गोडे असेल तर त्याने चाक फिरवायचे आणि बागांचे चर भरून घ्यायचे. खारे असेल तर हाताची घडी घालून बसायचे. पाणी कसे आहे, हे त्याला सांगण्याचे काम माझे.

मला खोक्यात बसवले शहरातून आलेल्या माणसांनी, पण शहाणे केले लामकाकांनी. लामकाका हे कार्यालयातले म्हातारे कारकून. त्यांनी दोन बोटांनी टंकून वीस वर्षांच्या वह्या माझ्यात उतरवल्या. माझ्या पोटात तक्ते झाले. दरवाजांचा तक्ता, राखणदारांचा तक्ता, पाण्याच्या नोंदींचा तक्ता. या तक्त्यांची एकमेकांशी नाती असतात. दरवाजा क्रमांक सात म्हटले की राच दुआचा कालवा पुढे येतो, त्याचे बोट धरून त्याचा राखणदार येतो, त्याच्यामागून पाण्याच्या सगळ्या नोंदी येतात. इतका एकोपा मी कार्यालयातल्या माणसांत कधी पाहिला नाही.

लामकाकांची एक सवय होती. वहीत चूक झाली तर ते खाडाखोड करत नसत. चुकलेल्या आकड्यावर एक बारीक रेघ ओढत आणि शेजारी बरोबर आकडा लिहीत. माझ्यातही त्यांनी तेच चालवले. जुनी ओळ तशीच ठेवायची, खाली नवी ओळ घालायची आणि पुढे लिहायचे, ‘दुरुस्ती’.

नव्याने लागलेली न्यान एकदा त्यांना म्हणाली, “काका, चुकीची ओळ पुसून टाका ना सरळ. कशाला तो पसारा?”

लामकाका म्हणाले, “पोरी, खालचं दिसलं पाहिजे. खालचंही कुणीतरी लिहिलेलं असतं.”

“आणि ते चुकीचं असलं तर?”

“तर चूक कुणाची ते कळतं. नाहीतर सगळी चूक शेवटच्या माणसाच्या अंगावर येते.”

न्यान हसली. लामकाका पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. वेळेवर येणाऱ्या माणसालाच घड्याळ द्यायचे, असा आमच्याकडे नियम आहे.

मग नदीत यंत्रे आली. खांबाला बांधलेली एक नळी पाण्यात बुडवून ठेवायची. ती दर पंधरा मिनिटांनी मीठ मोजते आणि आकड्याची एक छोटी फाइल क्लाउडमध्ये पाठवते. क्लाउड म्हणताना आमचे साहेब बोट वर करतात. तेथे वर काही नाही. कुठल्यातरी शहरात एक मोठी, थंडगार इमारत आहे आणि तेथे भाड्याच्या कोठारात आमच्या फाइली पडून असतात, एवढेच.

सुरुवातीला रोज पहाटे त्या फाइली माझ्या पोटात उतरवून घेत. माझ्याकडे नक्कल यायची, पण आदल्या दिवसाची. समुद्राला उद्यापर्यंत थांबा म्हणून कोण सांगणार? एका कोरड्या वर्षी मी सगळ्यांना कालचे गोडे पाणी सांगत राहिलो आणि आजचे खारे पाणी चरांत शिरले.

तेव्हा न्यानने माझ्यात एक नवा तक्ता केला. रकाने सगळे होते, पण ओळ एकही नव्हती. आधी मला वाटले, ती भरायला विसरली. मग कळले की हा तक्ता नव्हेच, ही खिडकी आहे. कोणी प्रश्न विचारला की मी त्या खिडकीतून थेट कोठारात डोकवायचे, त्या क्षणी फाइलीत जे असेल ते वाचायचे आणि सांगायचे. उतरवून काही घ्यायचे नाही. विचारणाऱ्याला तो बाकीच्या तक्त्यांसारखाच दिसे. राच दुआचा राखणदार माझ्या पोटातून यायचा, पाण्याचा आकडा खिडकीतून यायचा आणि दोघे एकाच ओळीत शेजारी शेजारी उभे राहायचे.

माझे फार कौतुक झाले. प्रांताच्या मुख्य कार्यालयातून माणसे आली, माझ्या कपाटाशेजारी उभे राहून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली. न्यानला प्रशस्तिपत्र मिळाले. ते तिने माझ्या कपाटाला आतून चिकटवले. पालीच्या तावडीतून सुटलेल्या झुरळांनी ते काठाकाठाने कुरतडले, पण मजकूर अजून वाचता येतो.

कोणी मला काय विचारले आणि मी काय सांगितले, याची टिपणे ठेवायचीही सोय माझ्यात होती. पण त्याने जागा खाल्ली असती, म्हणून ती बंद ठेवली होती. त्या वेळी मलाही त्याचे काही वाटले नाही.

आता साउकाकांविषयी सांगतो.

साउ लुओम हे राच दुआच्या दरवाजाचे राखणदार. साउ म्हणजे सहा. घरात ते पाचवे, कारण आमच्याकडे थोरल्या लेकराला ‘दुसरा’ म्हणतात आणि मोजणी तेथून सुरू होते. मोजणी हाच माझा धंदा, तरी पहिले वर्षभर मी एका हरवलेल्या भावाला शोधत होतो.

साउकाका पस्तीस वर्षे त्या चाकापाशी होते. यंत्र येण्याआधी ते रोज सकाळी नदीचे ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटत, थुंकत आणि सांगत. आमच्याकडे पाणी असेच तपासतात. गावातल्या कलमवाल्या बायका घाटावरून ओरडून विचारायच्या, “साउदादा, आज काय म्हणतीये जीभ?” ते ओरडायचे, “बायकोशी भांडू नका म्हणतीये!” म्हणजे भांडलेल्या बायकोच्या हातच्या कालवणासारखे पाणी खारट, आज दरवाजा बंद.

यंत्र आल्यावर कार्यालयाने त्यांना फोन दिला. फोनवर आपल्या दरवाजाचा आकडा दाबला की माझे उत्तर दिसायचे. लिटरला एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ असेल तर उघडा. साहेबांनी बजावून सांगितले, “जीभ बंद. आकडा बघायचा, चाक फिरवायचं. पाणी तोंडात घेताना पुन्हा दिसलात तर नोटीस काढीन.” साउकाका म्हणाले, “हो साहेब.” आणि पुढेही चोरून तोंडात घेत राहिले. जन्माची सवय. फक्त आता थुंकायचे आणि गप्प बसायचे.

चौदा मार्चची सकाळ. पौर्णिमेचे उधाण होते. सात वाजता साउकाकांनी मला विचारले. मी खिडकीतून पाहिले. फाइलीत ०.४ होते. मी ०.४ सांगितले.

लगेच कार्यालयात फोन आला. न्यान नुकतीच येऊन पंखा लावत होती. तिने फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावला.

“पोरी, तुझं मशीन पॉइंट चार म्हणतंय.”

“मग उघडा की, काका.”

“माझी जीभ जरा वेगळं म्हणतीये.”

“काल काय जेवलात?”

“माशांचा रस्सा. आंबवलेल्या.”

“झालं तर मग!” न्यान हसली. “जिभेला विचारू नका, काका. तिला आठवडाभर मीठच लागणार.”

 मग साउकाका म्हणाले, “खरं आहे. म्हातारी झाली जीभ.” आणि त्यांनी दरवाजा उघडला. तीन तास पाणी आत जात राहिले.

पाच दिवसांनी कलमांची पाने टोकांपासून तांबूस होऊ लागली. पहिला आठवडा सगळ्यांनी खताला शिव्या दिल्या. मग थ्वाबाईने चरातले पाणी तोंडात घेऊन पाहिले. थ्वाबाईची रोपवाटिका राच दुआवर सगळ्यांत मोठी, कलमाचे डोळे बांधण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. ते तिने लगेच थुंकले. नऊ घरांची कलमे जळाली होती, काही तीन वर्षांची, पुढच्या मोसमात बागांत लागायची होती.

याच सुमारास, सव्वीस मार्चला, यंत्राची देखभाल करणारा खांग आला. तो महिन्यातून एकदा येतो. त्याने नळी वर काढली. तिला शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटले होते. नळी कमी मीठ सांगत होती. खांगने ती खरवडून साफ केली, मोजलेल्या खाऱ्या पाण्यात बुडवून पाहिली, किती दिवसांपासून किती फरक पडला ते काढले आणि नियमाप्रमाणे मागचे अठरा दिवस दुरुस्त केले. म्हणजे फाइलींची नावे तीच ठेवली, आतले आकडे बदलले. आपल्या कागदी वहीत ‘दुरुस्ती केली’ असे लिहिले, सही केली, चहा घेतला आणि गेला. मित्रांनो, खांग प्रामाणिक माणूस आहे. त्याने काहीही लपवले नाही. त्याने फक्त खरे होते ते लिहिले.

दोन एप्रिलला चौकशी समिती बसली. एका सदस्याने न्यानला सांगितले, “चौदा तारखेचा सकाळी सातचा आकडा काढा.”

न्यानने मला विचारले. मी खिडकीतून पाहिले. फाइलीत २.६ होते. मी २.६ सांगितले.

सगळ्यांनी साउकाकांकडे पाहिले. मला वाटले, माझे काही चुकले का? पण मी जे दिसले तेच सांगितले होते. आधी काय पाहिले होते, हे मला आठवत नव्हते. आठवायला काही ठेवलेच नव्हते. आज आठवते आहे ते नंतर ऐकून, माणसांच्या बोलण्यातून जुळवलेले.

“पॉइंट चार होता,” साउकाका म्हणाले. “या डोळ्यांनी बघितला.”

“डेटाबेस खोटं बोलतो का?” सदस्याने न्यानला विचारले.

“नाही,” न्यान म्हणाली. हे तिने मनापासून सांगितले. तिनेच मला घडवले होते. “त्या दिवशी फोनवर मला काका पॉइंट चारच म्हणाले होते. पण मी स्वतः पडदा पाहिला नव्हता. कदाचित... काकांना चष्मा लागलाय. उन्हात आकडा नीट दिसला नसेल.”

त्यांना वाचवायला म्हणूनच ती हे बोलली. साउकाकांनी तिच्याकडे असे पाहिले की ती पुढचे वाक्य विसरली.

“चष्मा जवळचं वाचायला आहे,” ते म्हणाले. “आणि फोन जवळच धरतात, पोरी.”

सभा उठल्यावर ते मागे थांबले. मला तोवर त्यांनी कधी पाहिले नव्हते. जिन्याखाली वाकून त्यांनी कपाटात डोकावले. “हाच का तो?” त्यांनी विचारले. मग म्हणाले, “न्यान, मला विचारू दे. माझ्या हातानं.”

त्यांनी खुर्चीत बसून एका बोटाने दरवाजा सात, तारीख चौदा, वेळ सात असे दाबले. त्यांचे बोट पाण्याने पांढरे पडलेले होते. मी पुन्हा खिडकीतून पाहिले आणि पुन्हा २.६ सांगितले.

साउकाकांनी पडद्यावर बोट टेकवले. मग माझ्या खोक्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, “असं नव्हतास म्हणाला तू.”

मला तोंड असते तरी मी काय सांगणार होतो?

आमच्या गावात खांबावर भोंगे आहेत. सकाळी त्यांवरून बातम्या, लसीकरण, बदकांचे रोग असे सगळे सांगतात. समितीचा निर्णय तीन दिवस लागोपाठ वाचला गेला. राखणदाराने आकड्याकडे दुर्लक्ष करून दरवाजा उघडला. राखणदाराला कामावरून दूर करण्यात येत आहे. साउकाकांचे घर भोंग्याच्या खांबालगतच होते. थ्वाबाईने बाजारात त्यांच्या बायकोकडे पाठ फिरवली आणि बाजारातल्या बाकीच्या पाठीही फिरल्या. महिन्याभरात दोघे बिएन होआ शहरात लेकीकडे निघून गेले. दरवाजाला मोटार बसली. मोटार पाणी चाखत नाही, त्यामुळे तिच्यावर नोटिशीची वेळ येत नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये खांग आला. न्यान आणि तो माझ्या कपाटाजवळ बाकावर बसून बर्फाची कॉफी पीत होते.

“यंदा नळी बरी आहे,” खांग म्हणाला. “गेल्या साली काय घाण झाली होती, ताई! अठरा दिवस मागचे दुरुस्त केले मी.”

न्यानचा पेला ओठांपाशी थांबला. “कुठले अठरा दिवस?”

“नऊपासून. मार्चच्या.”

“दुरुस्त म्हणजे कसे? नवी फाइल घातलीस?”

“नवी कशाला? त्याच फाइलीत. पसारा नको म्हणून.”

न्यानने पेला खाली ठेवला. कोठारात जाऊन तिने ती फाइल पाहिली. नावात चौदा मार्च होते आणि शेवटची लिहिल्याची तारीख सव्वीस. आधीचा आकडा कोठेच नव्हता. खांगने आपला हिशेब आठवून उलटा करून पाहिला. कागदावर उत्तर आले, ०.४.

“ताई,” खांगचा चेहरा उतरला, “मला कुणी विचारलंच नाही.”

“मलाही विचारायचं सुचलं नाही,” न्यान म्हणाली. “मी बनवलं होतं ना ते. मला सगळं ठाऊक होतं.”

तिने बिएन होआला फोन लावला. तो नेहमीसारखा टेबलावर ठेवला.

“काका, तुमचं बरोबर होतं. मशीनमध्ये पॉइंट चारच होता तेव्हा. नंतर बदलला गेला. आणि जिभेचंही... जिभेचंही बरोबर होतं.”

पलीकडून स्कूटरींचे आवाज येत होते.

“मला ठाऊकच होतं की, पोरी,” साउकाका म्हणाले. “आकड्याचं. जिभेचं मात्र त्या दिवशी मीच मानलं नाही. माझ्याच तोंडातली जीभ, आणि मी मशीनचं ऐकलं.”

“माझं ऐकलंत, काका.”

साउकाकांनी तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाले, “इथंही दरवाजाच आहे बघ. कारखान्याचा. स्कूटर आत, स्कूटर बाहेर. खारं नाही, गोडं नाही.”

“परत याल? मी साहेबांशी बोलते.”

“कशाला? मोटार काय म्हणेल?” ते थोडे हसले. “गावाला तेवढं सांग. आणि त्या खोक्यालाही सांग. तो खोटं नव्हता बोलला. मी उगाच टाकून बोललो त्याला.”

गावाला सांगायला न्यानला दोन महिने लागले. निर्णय एका कागदाने झाला होता, तो फिरवायला अकरा कागद लागले. शेवटी भोंग्यावरून ते वाचले गेले, एकदाच, बदकांच्या लसीनंतर. थ्वाबाई तेव्हा नव्या कलमांना पाणी घालत होती. दुपारी ती कार्यालयात आली, दारातच उभी राहिली.

“त्याच्या बायकोला मी बाजारात पाठ दाखवली होती,” ती म्हणाली. “ती आता कशी परत घेऊ, सांग.”

 थ्वाबाई आल्या पावली गेली.

त्याच संध्याकाळी न्यानने माझ्यात एक तक्ता केला. खिडकी नाही, खराखुरा तक्ता. कोणी विचारले, केव्हा विचारले, मी काय सांगितले, ते आता माझ्या पोटात राहते. कोठारात पुढे काहीही बदलो, ही ओळ पुसता येत नाही. बदल झाला तर खाली दुसरी ओळ येते. निवृत्त लामकाकांना तिने ते मुद्दाम बोलावून दाखवले. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि घड्याळाकडे पाहून निघून गेले.

पहिली ओळ तिने स्वतः टंकली. दरवाजा सात. चौदा मार्च, सकाळी सात. पडद्यावर दिसले: ०.४. जिभेला लागले: खारट. नंतर दुरुस्त: २.६. शेवटच्या रकान्यात ‘पुरावा’ असे आहे.  तेथे तिने लिहिले, ‘साउ लुओम यांचा शब्द.’

मित्रांनो, तुमच्याकडेही अशा खिडक्या असतील. त्यांतून जरूर पाहा, ताजे पाहा. पण जे पाहून कोणाला काही करायला सांगाल, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. चूक सापडली तर जरूर दुरुस्त करा, पण खालचे दिसेल अशी एकच बारीक रेघ ओढा. त्या खालच्या आकड्यावर विसंबून कोणीतरी चाक फिरवलेले असते.

साउकाकांनी मला पुन्हा काही विचारलेले नाही. त्यांचा फोन कार्यालयाने परत घेतला आहे. पण त्यांनी कधी विचारले, तर आता मला खिडकीकडे पाहावे लागणार नाही. आज विचारले तरी तेच सांगेन, दहा वर्षांनी विचारले तरी तेच: हो काका, मी पॉइंट चारच म्हणालो होतो.